कवळीवाल्यांची शांत मुलगी

पालकसभेच्या दिवशी एक गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. तोंडाकडे म्हणजे चेहऱ्याकडे नव्हे, दातांकडे. मी एका आईला तिच्या मुलाच्या अपूर्णांकांबद्दल सांगत होते आणि हे शेजारच्या टेबलाच्या रांगेत उभे राहून, माझा वरचा ओठ उचलला गेला की मान किंचित तिरकी करत होते. मुलं आपल्या चपलांकडे बघतात, केसांकडे बघतात, हातातल्या पिशवीकडे बघतात, त्याची शिक्षकांना सवय असते. दातांकडे कोणी बघत नाही. माझी नजर गेली तशी त्यांनी आपली वळवली आणि भिंतीवरचा नकाशा वाचायला घेतला.

शेजारचं टेबल चौथीच्या वर्गशिक्षिकेचं होतं. तरुण होती, मेहनती होती, आणि त्या दिवशी सकाळपासून बोलून बोलून तिचा घसा बसला होता. या गृहस्थांची पाळी आली तेव्हा ते खुर्चीवर बसले, प्रगतीपत्रक टेबलावर ठेवलं आणि दोन बोटांनी तिच्याकडे सरकवलं.

"बाई, हे आमचं नाही."

"म्हणजे?"

"नाव आमच्या मुलीचं आहे. आतला मजकूर दुसऱ्या कोणाचा तरी आहे."

वर्गशिक्षिकेने पत्रक उघडलं. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: शांत, शिस्तप्रिय. प्रगती समाधानकारक. मागच्या सत्रातही हेच होतं. आमच्या शाळेत शेरे छापील यादीतून निवडायचे असत, त्यामुळे अर्धा वर्ग समाधानकारक असे आणि उरलेला उत्साही.

"अहो, तिचंच आहे. काही म्हणजे काही त्रास नाही तिचा. वर्गात आहे की नाही, कळतसुद्धा नाही."

"मग ती आमची नाहीच," गृहस्थ म्हणाले. "रागावू नका बाई. आमची मुलगी जिथे असते तिथे ती आहे हे गल्लीच्या टोकापर्यंत कळतं. घरात तिला रेडिओ म्हणतात. कुठेतरी नंबर बदलला असणार. आमच्याही धंद्यात होतं असं."

मागचे पालक खाकरले. वर्गशिक्षिकेने हसून त्यांना कार्यालयात पाठवलं. कारकुनाने हजेरी क्रमांक पाहिला, जन्मतारीख पाहिली, वडिलांचं नाव पाहिलं आणि म्हणाला, "तुमचंच कार्ड आहे."

"कार्ड आमचंच आहे हो. आतलं कोणाचं, ते विचारतोय."

कारकुनाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू वेड पांघरून पेडगावला जाणारे आपण पुष्कळ पाहिले आहेत.

मी चहाला निघाले तेव्हा ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मला पाहून उठले आणि मनात बराच वेळ अडलेलं बोलून टाकावं तसं म्हणाले, "बाई, तुमचा वरचा डावीकडचा दात कोणी केला? रंग अर्धी शेड पिवळा आहे. आमच्या लॅबचा नसावा."

तो दात खोटा आहे हे आमच्या घरातही दोघांनाच ठाऊक होतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

ते दातांच्या लॅबमध्ये कारागीर होते. कवळ्या बनवत. औषधांच्या दुकानाखाली तळघरात त्यांची खोली होती. नंतर मी तिथे बरेचदा गेले. एक लांब बाक, त्यावर दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, पॉलिशचं चाक, आणि कपाटभर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. खिडकी छताजवळ होती आणि बरोबर फुटपाथच्या पातळीवर उघडत होती. "बाहेर पाय दिसतात, आत दात असतात," कवळीवाले म्हणत. "मधला माणूस काही आम्हाला कोणी दाखवत नाही."

माणूस दिसत नसल्यामुळे ते चिठ्ठीवर अवलंबून असत. डॉक्टर मापासोबत चिठ्ठी पाठवत: 'जरा लहान करा', 'नेहमीप्रमाणे', 'पेशंटला टोचते'. कवळीवाले लगेच फोन लावत. जरा म्हणजे किती? नेहमी म्हणजे कोणाच्या नेहमीप्रमाणे? टोचते ती चावताना की गप्प असताना? डॉक्टर लोक त्यांना वैतागत, पण काम त्यांच्याकडेच पाठवत.

नंबर बदलण्याची गोष्ट त्यांनी मला त्याच बाकावर सांगितली. फार पूर्वी त्यांच्या हातून दोन डब्यांच्या नावाच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. एका निवृत्त बँक मॅनेजरची कवळी एका क्लॅरिनेट वाजवणाऱ्याकडे गेली आणि त्याची मॅनेजरकडे. गंमत अशी की दोघांनीही तक्रार केली नाही. नवीन बूट चावतात तशी नवीन कवळी लागणारच, असं दोघांनाही वाटलं. मॅनेजर पेज पिऊन राहिले आणि क्लॅरिनेटवाल्याने कार्यक्रम सोडले. दोघांची योगायोगाने दवाखान्यात गाठ पडली तेव्हा कळलं. त्या दिवसापासून कवळीवाले डबा बंद करताना पट्टी मोठ्याने वाचत. जवळ कोणी नसलं तरी.

"म्हणून म्हटलं, कार्ड बदललं असेल," ते म्हणाले. "नाहीतर काय समजायचं? शाळेतून आमच्याकडे काय येतं सांगू? नखं कापा. बूट पुसा. उद्या रंगपेटी आणा. मी एकदा विचारलं, मुलीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते, ती शाळेत पाणी पीत नाही का? त्यावर अंगठा आला."

"अंगठा?"

त्यांनी मोबाइल दाखवला. त्यांच्या प्रश्नाखाली शाळेकडून आलेला पिवळा अंगठा होता, वर केलेला.

"फोन केला तर बाई वर्गात असतात. नंतर केला तर बाई गेलेल्या असतात. तोंडी परीक्षेच्या रकान्यात आडवी रेघ आहे. ही रेघ कसली विचारलं, तर म्हणे नंतर भरायचं असतं. बाई, ती दिवसातला एवढा वेळ इथे असते. इथे ती कशी असते, एवढंच मला कळायला हवंय. चांगली असेल तर चांगली, वाईट असेल तर वाईट."

मग हळूहळू बाकीचं निघालं. शाळेतून आली की पोरगी दप्तर दारात टाकून धावत बाथरूम गाठते. सकाळी पोट दुखतं म्हणते, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. बाकी मात्र अखंड बडबड. कोण पडलं, कोणी कोणाची पेन्सिल घेतली, बाई कशा ओरडल्या, सगळं आवाज काढून दाखवते. तिची आई एका इस्पितळात टेलिफोनवर बसते, दिवसभर बोलून येते, तिलाही घरात बोलायला नंबर लावावा लागतो.

"आमच्यात मेणाची कवळी आधी तोंडात बसवून बघतात," कवळीवाले म्हणाले. "टेबलावर ठेवून काही कळत नाही. टेबलावर सगळ्याच छान दिसतात. मला एकदा तिला वर्गात बघायचंय."

पालकांना वर्गात प्रवेश नव्हता. मुख्याध्यापिकांचा नियम कडक होता. पण पाहुण्यांना होता. आरोग्य सप्ताह जवळ आला होता आणि विज्ञानाच्या सरांना दातांवर बोलायला कोणीतरी हवंच होतं. मी त्यांना एक नाव सुचवलं. सरांना आनंद झाला, त्यांची एक तासिका वाचली.

ठरलेल्या दिवशी कवळीवाले पांढरा कोट घालून आले. कोट इस्त्रीचा होता, खिशाशी मेणाचा जुना डाग होता. सोबत टोपलीएवढा प्लास्टरचा जबडा आणि त्याला शोभेल असा ब्रश. जबड्याची एक बाजू मी धरली होती, म्हणून मीही वर्गात होते. त्यांची मुलगी खिडकीकडच्या रांगेत बसली होती. वडील आत येताना पाहून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. हात मात्र बाकाच्या कडेवर गेले आणि तिथेच राहिले.

कवळीवाले चांगलं बोलले. मुलं खुश होती. सुळा कोणता, दाढ कोणती, कुत्र्याचे दात टोकदार का, गाईचे सपाट का. प्रत्येक प्रश्नाला हात वर होत, आणि हात वर व्हायच्या आधीच उत्तरं येत. त्यांची मुलगी कपाटातल्या जबड्यांत खेळून मोठी झालेली. तिला यातलं काय येत नसेल? तिचा हात वर झाला नाही.

शेवटी त्यांनी मुद्दाम एक अवघड विचारलं. "दुधाच्या दातांना मूळ असतं का? पडलेल्या दाताला तर दिसत नाही. मग जातं कुठे?"

वर्ग गप्प झाला. ते मुलीच्या बाकापाशी गेले आणि कोणत्याही मुलीला विचारावं तसं म्हणाले, "तू सांग."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. तोंड किंचित उघडलं आणि बंद झालं. मान ताठ, गळ्याची शीर वर आलेली.

"सर, ती नाही बोलत," शेजारची मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात चहाडी नव्हती. खिडकी उघडत नाही, असं सांगावं तसं ती सांगत होती.

"आज नाही बोलत?"

"कधीच नाही बोलत."

"मधल्या सुट्टीत पण नाही," मागून कोणीतरी म्हणालं. "तिला बाथरूमला जायचं असलं तरी सांगत नाही."

"ती मुकी आहे, सर."

कवळीवाले जबड्यापाशी परत आले. मग म्हणाले, "मूळ हळूहळू विरघळतं. खालून नवा दात येत असतो ना, त्याला जागा करून देतं." आणि उरलेली तासिका त्यांनी ब्रश कसा फिरवायचा यावर पूर्ण केली. कुठे घाई केली नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी जबडा भिंतीशी टेकवला. "कार्ड बरोबर होतं बाई," ते म्हणाले. "ती घरी सगळ्यांचं सांगते. याचं, त्याचं, तुमचं, शिपायाचं. त्यात तिचं स्वतःचं एक वाक्य नसतं. आम्हा दोघांच्या लक्षात आलं नाही."

वर्गशिक्षिकेला शिक्षकखोलीत बोलावलं. तिचा चेहरा पडला. ती वाईट नव्हती, हे मी लिहून ठेवते. तिच्या वर्गात एक खिडकीतून उडी मारणारा होता, एक चावणारा होता आणि दोघं रोज रडणारे. तिच्या हिशेबी गप्प बसणारं मूल म्हणजे देवाने दिलेली विश्रांती.

"मला वाटलं, घरीही अशीच असेल," ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच असणार. मग मुद्दाम काढून तुम्हाला वाईट कशाला वाटू द्यायचं? तोंडी परीक्षेचं मी मुख्याध्यापिकांना विचारणार होते. वर्षाच्या शेवटी."

"आणि आम्हाला वाटलं, काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं," कवळीवाले म्हणाले. क्लॅरिनेटवाल्याची गोष्ट त्यांनी तिला सांगितली नाही. मला मात्र तीच आठवली.

वर्गातून बाहेर पडल्यावर त्यांनी बायकोला कळवलं होतं; तेवढ्यात तिचा फोन आला. तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला; त्यांनी फोन कानापासून लांब धरला होता. "इतके महिने? नखं कापा म्हणून कळवायला सवड आहे. पोर तोंड उघडत नाही हे कळवायला बोटं झिजली असती? आणि तुम्ही काय करताय तिथे? ऐकून घेताय? तुम्ही ऐकूनच घेणार. द्या त्यांना."

कवळीवाल्यांनी फोन वर्गशिक्षिकेला दिला. त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मी तास घ्यायला गेले. परत आले तेव्हा वर्गशिक्षिकेचे डोळे लाल होते आणि ती म्हणाली, "फार स्पष्ट बोलतात. पण शेवटी मला घसा बसला तर काय करायचं ते सांगितलं."

घरी मुलीला कोणी रागावलं नाही. कवळीवाल्यांनी तिला लॅबमध्ये स्टुलावर बसवलं, हातात मेणाचा तुकडा दिला आणि आपलं काम चालू ठेवत शाळेत काय होतं ते विचारलं. तिने मेणाची गोळी केली, चपटी केली, पुन्हा गोळी केली. मग गळ्याला बोट लावून म्हणाली, "इथे दार लागतं. फाटकाच्या आत गेलं की."

"कोणी लावतं का?"

"नाही. आपोआप."

पुढे काय करायचं हे त्यांनी पुस्तकातून काढलं नाही. मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंकडेही ते गेले, त्यांनी तिला तपासलं आणि घाई करू नका, सक्ती करू नका, असं सांगितलं. पण सुरुवात कशी करायची हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं. नवी कवळी पहिल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत घालत नाहीत. थोडा वेळ घालायची, काढायची, दुसऱ्या दिवशी जरा जास्त. हिरडीला सवय होऊ द्यायची. ते मुख्याध्यापिकांकडे गेले आणि शाळा भरण्याआधी रिकाम्या वर्गात मुलीसोबत बसायची परवानगी मागितली. मुख्याध्यापिका नियमाच्या पक्क्या. शाळेचा एखादा माणूस हजर असला तर चालेल, म्हणाल्या. मी सकाळी लवकरच येत असे.

सुरुवातीला मी वर्गाबाहेर बसले. आत दोघं होती. पहिल्यांदा कुजबुज, मग एके दिवशी हसणं, मग तिची ती प्रसिद्ध बडबड. दाराबाहेर मला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. मग मी दार उघडं ठेवून बसले. बडबड थांबली, काही दिवस थांबलेलीच राहिली, पुन्हा सुरू झाली. मग मी आत गेले आणि मागच्या बाकावर वह्या तपासायला घेतल्या. वर बघायचं नाही, असं कवळीवाल्यांनी मला बजावलं होतं. पुन्हा शांतता. मी वह्या तपासत राहिले. त्या महिन्यात माझ्या वह्या इतक्या वेळेवर तपासून झाल्या की वर्गाला संशय आला.

एका सकाळी मी जांभई दिली. खिडकीजवळून स्पष्ट आवाज आला, "बाबा, त्या बाईंचा डावीकडचा दात खोटा आहे. रंग जुळत नाही."

"हळू बोल," कवळीवाले सवयीने म्हणाले.

म्हणून झालं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून कोटाच्या टोकाला पुसला. मी वर पाहिलं नाही. वहीवर बरोबरची खूण केली. गणित चुकीचं होतं, ते मी नंतर सुधारलं.

त्यानंतर शेजारच्या बाकावरची मुलगी लवकर येऊ लागली, मग आणखी एक, मग वर्गशिक्षिका. काही आठवडे पुढे, काही मागे. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा तिने वर्गशिक्षिकेच्या कानात दिली. तसं चालेल, असं मुख्याध्यापिकांकडून कवळीवाल्यांनी आधी लेखी घेतलं होतं. पाचवीत ती वर्गासमोर पहिल्यांदा बोलली. बोलली म्हणजे, एका मुलाला गप्प बस म्हणाली.

पालकसभेवर कवळीवाल्यांचा विश्वास पुन्हा बसला नाही. "खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे" असं ते त्या सभेबद्दल म्हणत. त्याऐवजी ते शुक्रवारी शाळा सुटताना फाटकापाशी उभे राहत आणि वर्गशिक्षिका बाहेर येऊन त्यांना त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगे. एकच, पण खरी. बाटली अर्धी संपली. आज हात वर केला, मग खाली घेतला. 'छान' चालायचं नाही. छान म्हटलं की ते विचारत, "छान म्हणजे काय केलं?" हळूहळू इतर आयाबाप थांबू लागले, मग इतर वर्गशिक्षक. मी निवृत्त झाले तेव्हा शुक्रवारी फाटकापाशी बाजार भरल्यासारखी गर्दी असे, आणि ही पद्धत शाळेनेच काढली असं मुख्याध्यापिका पाहुण्यांना सांगत.

मुलगी आता दुसऱ्या शहरात शिकते. अनोळखी माणसांत तिला अजून जरा वेळ लागतो, असं ती स्वतःच सांगते. माझा तो दात कवळीवाल्यांनी नवा करून दिला. शेड आता जुळते.

मागच्या वर्षी त्यांना स्वतःला खालची कवळी लागली. ती त्यांनी आपल्याच बाकावर केली, तोंडात बसवली आणि बायकोला विचारलं. ती म्हणाली, छान आहे. मग त्यांनी मुलीला फोन लावला आणि दहा वाक्यं बोलून दाखवली. मुलगी म्हणाली, "बाबा, स म्हणताना शिट्टी येतेय. पुढून घासा." त्यांनी पुढून घासली. आता ते तीच कवळी घालतात आणि शिट्टी येत नाही.